मदत हवी आहे: कमी पैशात प्रोटीन कसं वाढवायचं?

नमस्कार ताई-दादांनो. नागपुरात महालकडच्या एका वस्तीत मी बचत गटाचं काम करते. गटातल्या बायका दिवसभर धुणीभांडी करतात, तरी वजन वाढतंच, आणि लोक त्यांनाच खादाड म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. ताट बघा ना: सकाळी चहा-टोस्ट, दुपारी रेशनचा भात नि पाण्यासारखं वरण, रात्री पोळी नि आलूची भाजी. सिम्पसन आणि रॉबेनहायमर या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये मांडलं होतं की प्रोटीन पुरेसं मिळेपर्यंत शरीर खायला मागतच राहतं. मग स्वस्त पिठूळ अन्नातून नको तेवढ्या कॅलरी पोटात जातात.

आयसीएमआर या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या हिशेबाने वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे 60 किलोच्या बाईला रोज 50 ग्रॅम लागतं. एका अंड्यात जेमतेम 6. सोयावडीत 100 ग्रॅमला 50 च्या आसपास असतं, पण मुलं वास येतो म्हणून वड्या ताटाच्या कडेला काढून ठेवतात.

हा वास कसा घालवता? सावजी मसाल्यात, पण तेल कमी ठेवून, कोणी करता का? आणि इतवारीतून चना, बरबटी (चवळी) ठोक भावात आणून गटात वाटून घेण्याचा कोणाला अनुभव आहे का? साधारण किती किलोपासून परवडतं?