मोबाईलवर हाताने काढलेल्या चित्रांचे ॲनिमेशन करण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझी ११ वर्षांची भाची वहीच्या कोपऱ्यात पानागणिक थोडा थोडा बदलत जाणारा बेडूक काढते आणि पाने भरभर उलटून त्याला उडी मारायला लावते. हेच तिला आता माझ्या जुन्या अँड्रॉइड फोनवर करायचे आहे. सेकंदाला १२ चित्रे धरली तरी १० सेकंदांसाठी १२० चित्रे होतात, म्हणून आधीचे चित्र खाली फिकट दिसत राहण्याची, म्हणजेच ‘अनियन स्किन’ची सोय आणि पार्श्वभूमीसाठी वेगळा लेअर, म्हणजे चित्राचा स्वतंत्र थर, या दोन गोष्टी मला अत्यावश्यक वाटतात. एका मोफत ॲपमध्ये तिने ४० चित्रे काढली. मात्र व्हिडिओ सेव्ह करताना नेमका बेडकाच्या डोक्यावर ॲपचा शिक्का उमटला आणि ती दिवसभर हिरमुसून बसली. त्याव्यतिरिक्त फ्लिपाक्लिप आणि रफॲनिमेटर ही नावे मला ठाऊक आहेत. ३ जीबी रॅमच्या फोनवर ती कोणी वापरली आहेत का, आणि एकदाच पैसे भरून कायमचे वापरता येईल असे कोणते ॲप आपण सुचवाल? बोटाने रेघ वेडीवाकडी येते, त्यामुळे साध्या रबरी टोकाच्या स्टायलसने कितपत फरक पडतो, हेही अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.