पाळी थांबत आलीय आणि भांग रुंद होतोय. काय करू?

सुनंदा, धायरी: वय ४९. वर्षभर पाळीचा नेम नाही, येते तेव्हा अंगावरून फार जातं. कपाळापासून टाळूपर्यंत भांग रुंद झालाय, उन्हात टाळू चमकते. तुळशीबागेतला जो चाप पूर्वी केसांना पुरत नसे, तो आता निसटून पडतो. जाऊबाई म्हणतात बोअरचं पाणी. आई म्हणते माझेही असेच गेले, वयाचं आहे. मैत्रिणीने केसांसाठी बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्यात, त्या सुरू केल्यात. दिवाळीनंतर लेकीचं लग्न आहे, मला खरंच वाईट वाटतंय.

मेधा, कोथरूड: सुनंदाताई, वाईट वाटणारच. पण केसांच्या आधी त्या अंगावरून जाण्याचं बघा, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. मलाही तसंच जायचं. हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून सगळे निर्धास्त, फेरिटिन तपासलं तेव्हा शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला कळला. थायरॉइडही तपासून घ्या. लोहाची गोळी लागलीच तर चहाबरोबर नको, तासभर अंतर ठेवा. चहाने लोह नीट शोषलं जात नाही.

त्वचेची डॉक्टर: बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, मधूनच तुटतात. भांग रुंद होणं वेगळं. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरतं, केस वाढण्याचा काळ आखडतो आणि नवा येणारा केस आधीपेक्षा बारीक येतो. आईचेही असेच गेले असतील तर आनुवंशिक कल असू शकतो, पण म्हणून उपाय नाही असं मुळीच नाही. मिनॉक्सिडिल नावाचं औषध टाळूला लावतात, बायकांना २ किंवा ५ टक्क्यांचं. पहिले काही आठवडे गळती उलट वाढते. घाबरून तिथेच सोडणाऱ्या खूप बायका मी बघते. फरक दिसायला ४ ते ६ महिने लागतात आणि बंद केलं की मिळालेलं हळूहळू जातं. बीपीचं किंवा हृदयाचं औषध चालू असेल तर आधी सांगा. बायोटिन मात्र रक्त द्यायच्या किमान २ दिवस आधी थांबवा, थायरॉइडचे आकडे चुकतात. मूठमूठ केस एकदम जात असतील तर दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू किंवा मोठा ताप आला होता का, तेही आठवा.

सुनंदा, धायरी: ताप नव्हता. उद्याच रक्त देणार होते, आता बायोटिन थांबवून शनिवारी देते. लग्नात अंबाड्याला गंगावन लावलं तर चालेल का? आणि भुवयाही विरळ झाल्यात, ते यातलंच का?

त्वचेची डॉक्टर: गंगावन एका दिवसापुरतं लावा, फक्त ओढून घट्ट बांधू नका. भुवयांचं मात्र लांबवू नका. पाळी जाण्याच्या सुमारास काहींची कपाळावरची केसांची रेघ मागे सरकते आणि भुवया जातात. त्यात केसांची मुळंच कायमची नष्ट होतात, त्यामुळे औषध लवकर सुरू व्हावं लागतं. याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा, कपाळ नीट दिसेल असा जुना फोटो सोबत न्या.