स्विफ्टने पाहिलेली दीर्घिका नेमकी कोणती? (मदत हवी आहे)

मंडळी, अमावास्येच्या आसपास आम्ही तिघं नाशिकहून हरसूलच्या बाजूला १० इंची डॉब्सन दुर्बीण घेऊन जातो. (गंगापूर रोडवरून कन्येतल्या दीर्घिका शोधणं आता नवसाचं काम झालंय.) मार्चपासून एनजीसीतल्या (दीर्घिका, तेजोमेघ, तारकागुच्छ यांची जुनी यादी) एकाच नोंदीवर अडलोय. नंबर मुद्दाम देत नाही. दिला की कोणीतरी दोन मिनिटांत उत्तर चिकटवेल, आणि मला रीत शिकायचीय.

नोंद एकोणिसाव्या शतकातल्या लुईस स्विफ्ट या निरीक्षकाची, रॉचेस्टरच्या १६ इंची दुर्बिणीतून केलेली. यादीचा कर्ता ड्रायर याने ती १८८८ च्या एनजीसीत घेतली. वर्णन एवढंच: अत्यंत अंधुक, फार लहान, गोल, दोन ताऱ्यांच्या मध्ये. आकाशातलं स्थान १८६० सालच्या हिशेबाने दिलेलं. ते २००० वर आणताना नुसत्या परांचनाने (पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलतो त्याने) या भागात विषुवांश (पूर्व-पश्चिम स्थान, तास-मिनिटांत) सात मिनिटांनी वाढतो आणि क्रांती (उत्तर-दक्षिण स्थान, अंशांत) पाऊण अंशाने घटते. गणित तीनदा तपासलं. डिजिटाइज्ड स्काय सर्व्हे या आकाशछायाचित्रांच्या संग्रहातल्या चित्रात त्या जागी काहीही नाही. १९७३ च्या सुधारित एनजीसीत अशा कितीतरी नोंदी 'अस्तित्वात नाही' म्हणून निकालात निघाल्या, पण मला ते पटत नाही. गड्याने काहीतरी पाहिलंच असणार.

दक्षिणेला ८ कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक दीर्घिका आहे, जरा ठळक, पण शेजारी तारे नाहीत. दुसरी पश्चिमेला १५ कलांवर, खूप अंधुक, पण बरोबर दोन ताऱ्यांच्या मध्ये. विषुववृत्तालगत १५ कला म्हणजे विषुवांशाचं एक मिनिट, आणि आकडा उतरवताना एक मिनिट चुकणं सहज शक्य आहे. माझा कल हिच्याकडे. मित्र म्हणतो, अंधुक दिसली आणि ठळक सुटली, असं कसं? इथे माझी बोलती बंद.

ओझरकर: ठळक दीर्घिकेला स्वतःचा एनजीसी क्रमांक आहे का ते बघा. हर्शेलने आधीच नोंदवली असेल तर स्विफ्ट तिला नवी का म्हणेल? अर्थात जुनी वस्तू नवी म्हणून त्याने नोंदवल्याचीही उदाहरणं आहेत, तेव्हा एवढ्यावर थांबू नका. त्याच रात्रीच्या त्याच्या बाकी नोंदी काढा. सगळ्या एकाच दिशेला सरकल्या असतील तर गडबड दुर्बिणीच्या मापनवर्तुळात (दुर्बिणीची दिशा वाचायच्या चकतीत). मेसिए या निरीक्षकाच्या यादीतली ९१ वी वस्तू, मेसिए ९१, आठवा: १८ मार्च १७८१ ची नोंद, जागेवर काहीच नाही. १९६९ मध्ये टेक्ससच्या विल्यम्स या हौशी निरीक्षकाने दाखवलं की मेसिएने अंतर मोजलं मेसिए ८९ पासून आणि धरलं मेसिए ५८ पासून. तेच अंतर ८९ पासून धरलं की एनजीसी ४५४८ समोर येते.

धागाकर्ता: दक्षिणेची हर्शेलचीच निघाली! मी यूजीसी या दुसऱ्या यादीतला क्रमांकच बघत बसलो होतो. त्या रात्रीच्या आणखी चार नोंदी आहेत. दोन तपासल्या, दोन्ही जागेवर. उरलेल्या दोन आज रात्री.