परदेशी विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक इंग्रजी शिकवताना अग्रक्रम कशाला द्यावा?

प्रश्न

नमस्कार. परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक इंग्रजी शिकवण्याचे काम मी करते. वर्गात निरनिराळ्या देशांतले, निरनिराळ्या मातृभाषांचे विद्यार्थी असतात आणि पुढे कोणी अभियांत्रिकीकडे, कोणी सार्वजनिक आरोग्याकडे, तर कोणी कायद्याकडे जाणार असतो. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बहुतेकांना साडेसहा किंवा सात बँड मिळालेले असतात, म्हणजे विद्यापीठाची भाषेची अट त्यांनी पूर्ण केलेली असते. तरीही एखादा शोधनिबंध वाचायला देऊन लेखकाचे म्हणणे काय आहे असे विचारले, की ते निबंधाचा विषय सांगतात. लेखक त्या विषयाबद्दल काय सिद्ध करू पाहतो आणि कशाच्या आधारे, हे त्यांना सांगता येत नाही. तीन स्रोत वाचून लेख लिहायला सांगितला, तर पहिल्या परिच्छेदात पहिल्या लेखकाचा सारांश, दुसऱ्यात दुसऱ्याचा, तिसऱ्यात तिसऱ्याचा अशी मांडणी होते आणि विद्यार्थ्याचे स्वतःचे मत शेवटच्या दोन ओळींत उरते.

आमचा अभ्यासक्रम १० आठवड्यांचा आहे. व्याकरण, शब्दसंग्रह, व्याख्यानांची टिपणे, चर्चेतला सहभाग आणि संदर्भ देण्याची पद्धत या सगळ्यांना त्यात समान तास दिलेले आहेत. ही विभागणी बदलायला हवी, असे मला तीव्रतेने वाटते. कशाला अग्रक्रम द्यावा, कशाला कात्री लावावी आणि इतके वेगवेगळे विषय असलेल्या वर्गाला एकत्र शिकवताना कोणते साहित्य वापरावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपण सांगितलेली अडचण भाषेच्या कमतरतेतून कमी आणि परीक्षेने लावलेल्या सवयीतून अधिक आलेली आहे, असे माझे मत आहे. आयईएल्टीएसच्या अकॅडमिक लेखन परीक्षेत ६० मिनिटांत दोन उत्तरे लिहायची असतात. पहिले किमान १५० शब्दांचे असते आणि त्यात आलेख, तक्ता किंवा आकृतीचे वर्णन करायचे असते. दुसरे किमान २५० शब्दांचे असते आणि त्यात दिलेल्या प्रश्नावर स्वतःच्या ज्ञानातून व अनुभवातून मत मांडायचे असते. इतरांचे लेखन वाचून, पारखून आणि त्याचा आधार घेऊन लिहिण्याचा प्रसंग या परीक्षेत येतच नाही, आणि विद्यापीठात तर जवळजवळ प्रत्येक असाइनमेंटमध्ये तेच करावे लागते. परीक्षेचा हा दोष नव्हे, कारण किमान भाषिक पातळी तपासणे एवढेच तिचे काम आहे. पण त्या गुणांवर विसंबून तयारी झाली असे मानणे विद्यार्थ्यांवर अन्याय करणारे आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की वाचन आणि लेखन यांचे वेगळे तास बंद करावेत आणि पहिल्या आठवड्यापासून वाचनातून लेखनाकडे जाणारे काम द्यावे. एकाच प्रश्नावर एकमेकांशी न पटणारे तीन लेख निवडा. विद्यार्थ्यांना एक तक्ता करायला सांगा, ज्यात वरच्या ओळीत तीन लेखक असतील आणि डाव्या बाजूला प्रश्न असतील: कारण कोणते मानले आहे, पुरावा कोणत्या प्रकारचा आहे, कोणत्या मर्यादा मान्य केल्या आहेत, कोणता उपाय सुचवला आहे. तक्ता भरून झाला, की परिच्छेद उभ्या रकान्यांतून न लिहिता आडव्या ओळींतून लिहायचे. एका ओळीतून एक परिच्छेद लिहिताना तिन्ही लेखक एकत्र येतात आणि त्यांच्यात कोण कोणाशी सहमत आहे, कोणाचा पुरावा अधिक भक्कम आहे, हे विद्यार्थ्याला सांगावेच लागते. आपण ज्या एकामागून एक सारांशांबद्दल लिहिले आहे, त्यांवर याहून परिणामकारक उपाय माझ्या पाहण्यात नाही. मात्र तक्त्यातला एखादा चौकोन रिकामा राहिला, तर तो रिकामाच ठेवू द्यावा. लेखकाने काय सांगितलेले नाही हे लक्षात येणे हीदेखील चिकित्सक वाचनाची मोठी पायरी आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. शब्दसंग्रह आणि मिश्र विषयांचा वर्ग याबद्दल थोडी भर घालतो.

भाषा-अभ्यासक अव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अकॅडमिक वर्ड लिस्ट या शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांच्या यादीत ५७० शब्दकुटुंबे (म्हणजे एक शब्द आणि त्याची निरनिराळी रूपे) आहेत आणि त्यांनी अभ्यासलेल्या शैक्षणिक मजकुरात सुमारे १० टक्के शब्द या यादीतले होते. पुढे २००७ मध्ये केन हायलंड आणि पॉली त्से या अभ्यासकांनी दाखवून दिले, की यादीतले अनेक शब्द वेगवेगळ्या ज्ञानशाखांत वेगवेगळ्या प्रमाणात, वेगळ्या अर्थाने आणि वेगळ्या शब्दांच्या संगतीत येतात. त्यामुळे यादी पाठ करून घेण्यात तास घालवू नयेत. विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या मजकुरात ते शब्द कसे येतात ते शोधावे आणि पूर्ण वाक्यांसह स्वतःच्या वहीत नोंदवावे.

नमुन्यांसाठी आपण बॉव म्हणून ओळखला जाणारा ब्रिटिश अकॅडमिक रिटन इंग्लिश हा लेखनसंग्रह अवश्य पाहावा. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या आणि चांगले गुण मिळालेल्या जवळपास ३,००० असाइनमेंट्स त्यात आहेत आणि त्या तीसहून अधिक विषयांतल्या आहेत. आपल्याकडे नमुना म्हणून प्रसिद्ध शोधनिबंध देण्याचा प्रघात आहे, पण पहिल्या सत्रात विद्यार्थ्याकडून शोधनिबंधाची अपेक्षा नसते. प्रयोगाचा अहवाल, प्रकरण-अभ्यास, चिकित्सक परीक्षण, निबंध अशा गोष्टी त्याला लिहायच्या असतात. अभियांत्रिकीच्या आणि कायद्याच्या विद्यार्थ्याने आपापल्या विषयातला एकेक नमुना घेऊन सुरुवात कशी होते, लेखक स्वतःचा उल्लेख करतो की टाळतो, दुसऱ्याचे मत कुठे येते, हे परस्परांना समजावून सांगावे. अशा तासाला वर्गातली विषयांची विविधता उपयोगी पडते.

शोधनिबंध वाचायला शिकवताना मात्र भाषा-अभ्यासक जॉन स्वेल्स यांचे शोधनिबंधाच्या प्रस्तावनेचे विश्लेषण हाताशी ठेवा. प्रस्तावनेत लेखक आधी विषयाचे क्षेत्र आणि महत्त्व सांगतो, मग आजवरच्या कामात राहिलेली उणीव दाखवतो आणि त्यानंतर ती उणीव आपण कशी भरून काढणार हे सांगतो. आपले विद्यार्थी युक्तिवादाऐवजी विषय सांगतात, कारण ते पहिल्या टप्प्यावरच थांबतात. दुसरा टप्पा बोट ठेवून दाखवायला लावला, की लेखक नेमके काय सिद्ध करू पाहतो हे बहुधा सापडते.

प्रतिसाद ३

लेखनावरचा भर योग्य आहे, पण ऐकण्या-बोलण्याला कात्री लावण्याआधी विचार करावा. पाठ्यपुस्तकाबरोबर येणारे ध्वनिमुद्रण लिहून वाचलेले असते. खऱ्या व्याख्यानात प्राध्यापक वाक्य अर्धवट सोडतात, दुरुस्त करतात, आडवळणाने उदाहरणाकडे जातात आणि परत येतात. मिशिगन विद्यापीठाच्या मायकेस या संग्रहात अशा प्रत्यक्ष व्याख्यानांचे, चर्चांचे आणि प्राध्यापक-विद्यार्थी भेटींचे १५२ लिखित उतारे आहेत. त्यातला एखादा उतारा घेऊन मुख्य मुद्दा कुठे संपतो, विषयांतर कुठे सुरू होते आणि परत येताना वक्ता कोणती खूण देतो, एवढेच शोधायला लावले, तरी टिपणे सुधारतात.

सेमिनारमधल्या मौनाबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते. शांत बसणाऱ्या विद्यार्थ्याला भाषा येत नाही असा निष्कर्ष घाईने काढला जातो. शिक्षकांच्या मताला सर्वांसमोर प्रश्न विचारणे उद्धटपणाचे आहे, असे अनेकांना लहानपणापासून शिकवलेले असते आणि नव्या ठिकाणी ते अपेक्षित आहे हे त्यांना कोणी स्पष्ट सांगितलेले नसते. ते स्पष्ट सांगावे. शिवाय प्रत्येकाने आधी बोललेल्या कोणाच्या तरी मुद्द्याशी जोडूनच बोलायचे, असा नियम ठेवावा. मग पाठ केलेली भाषणे आपोआप थांबतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. व्याकरणाचे स्वतंत्र तास कमी करून ते विद्यार्थ्यांच्या मसुद्यांतूनच शिकवायचे, असे मी ठरवत आहे. एक शंका राहते. स्रोतातली वाक्ये थोडे शब्द बदलून तशीच उतरवण्याची सवय अनेकांना आहे. वाङ्मयचौर्याचे नियम समजावूनही ती जात नाही.

प्रतिसाद ४

लेखन-अध्यापनाच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकापासून असे मांडले आहे, की शब्द इकडेतिकडे करून केलेले असे लेखन बहुतेक वेळा फसवणुकीच्या हेतूने होत नाही; कठीण मजकूर पचवण्याच्या प्रयत्नातली ती एक अवस्था असते. मलाही हे पटते. मजकूर पुरता समजला नसेल, तर त्याच्या शब्दांना चिकटून राहण्यावाचून विद्यार्थ्याजवळ पर्याय नसतो, म्हणून नियमांची भीती घालून ही सवय सुटत नाही. परिच्छेद वाचून झाल्यावर मूळ पान बंद करायला सांगा, त्यातला मुद्दा शेजारच्याला तोंडी सांगू द्या, मग लिहू द्या आणि शेवटी मूळ मजकुराशी ताडून पाहू द्या. तोंडी सांगताना जो अडखळतो, त्याला पुन्हा वाचायला पाठवावे. लिहिण्याची घाई करू देऊ नये. स्वतःच्या शब्दांत लिहिले तरी स्रोताचा निर्देश करावाच लागतो, हे याच तासात सांगून टाकावे, कारण अनेकांची समजूत अशी असते, की शब्द बदलले म्हणजे संदर्भाची गरज संपली.

संदर्भ देण्याच्या शैलीवर मात्र फार तास खर्च करू नका. एपीए असो वा हार्वर्ड, स्वल्पविराम कुठे द्यायचा ते विभागाची पुस्तिका सांगते. त्याऐवजी प्रत्येकाने आपापल्या विद्यापीठाचे शैक्षणिक सचोटीचे नियम निघण्यापूर्वी वाचून आणावेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत एकाच विद्यापीठातल्या दोन अभ्यासक्रमांचे नियमही वेगळे असू शकतात.