शेलचे वागणे बदलणारा पॅच दस्तऐवजाविना स्वीकारावा का?

अर्धविराम (धागाकर्ता)

माझे मत स्पष्ट आहे: मुक्तस्रोत कमांड शेलचे (टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे) वागणे ज्या पॅचमुळे, म्हणजे कोडमधल्या प्रस्तावित बदलामुळे, बदलते, त्यात मॅन पेजची (सोबतच्या माहितीपानाची) दुरुस्ती नसेल तर तो परत पाठवावा. इतर प्रोग्रॅममध्ये मेन्यू पाहून काही अंदाज तरी बांधता येतो. शेल मात्र लुकलुकणारा कर्सर पुढे ठेवून गप्प बसतो.

बॅश या शेलची ५.२ ही आवृत्ती २०२२ मध्ये आली, तेव्हा व्हेरिएबलमधला मजकूर बदलण्याच्या सोयीत अँपरसँडला (&) नवा अर्थ मिळाला. पूर्वी तो बदली मजकुरात जसाच्या तसा उमटे. आता तो अवतरणचिन्हांत नसेल, तर त्याच्या जागी जुळलेला मजकूर येतो, आणि हे वागणे मुळातच चालू ठेवलेले आहे. एचटीएमएलसाठी ‘पेक्षा लहान’ या चिन्हाचे रूपांतर करणाऱ्या माझ्या जुन्या स्क्रिप्टने त्यानंतर अँपरसँडच्या जागी पुन्हा तेच चिन्ह लिहायला सुरुवात केली, आणि तेही चूक झाल्याचा एकही संदेश न देता. कारण मला मॅन पेजमध्येच सापडले.

उभी रेघ

आपले उदाहरण आपल्याच विरोधात जाते. नोंद होती, तरी स्क्रिप्ट मोडलीच; म्हणजे तेथे खरी गरज जुने वागणे जपण्याची होती.

शिवाय ‘मॅन पेजची दुरुस्ती’ म्हणणे सोपे आहे. बॅशमध्ये एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहावी लागते: मॅन पेज, टेक्सइन्फोमधली संदर्भपुस्तिका आणि हेल्प कमांड दाखवते तो मजकूर, जो अंगभूत कमांडच्या सोर्स फाइलमध्येच असतो. पहिलाच पॅच घेऊन आलेल्या माणसाला आधी ट्रॉफ आणि टेक्सइन्फो (मॅन पेज आणि पुस्तिका लिहिण्याच्या मांडणीच्या भाषा) शिकून या, असे सांगितले तर तो पुन्हा फिरकणार नाही. ब्रायन फॉक्स यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या या शेलचा भार अनेक दशके मुख्यतः चेट रेमी या एकट्या माणसाने वाहिला आहे. अशा कामात नवे हात दारातूनच परत पाठवणे परवडणारे नाही.

अर्धविराम

तीन ठिकाणांचा मुद्दा मान्य. मी तो विचारात घेतला नव्हता. पण कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यात बदलाचे कारण त्या दिवशी ताजे असते, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी तो कोड वाचून लिहायचे ठरवले, तर ‘काय होते’ एवढेच लिहिता येते. ‘का होते’ हे हरवलेले असते.

अवतरणचिन्ह

मॅन पेज केवळ माणसेच वाचतात, असे येथे गृहीत धरलेले दिसते. फिश हा शेल मॅन पेज वाचून त्यांतून कमांडच्या पर्यायांची यादी तयार करतो आणि टॅब दाबल्यावर ती सुचवतो. मॅन पेजमधून एखादा पर्याय सुटला, तर त्या यादीतूनही तो सुटतो. त्यामुळे मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. (दस्तऐवजातला प्रामाणिकपणा पाहायचा असेल, तर बॅशच्या मॅन पेजमधला दोषांचा भाग वाचावा. हा शेल फार मोठा आणि फार मंद आहे, अशी कबुली तेथे खुद्द बॅशच देतो.)

उभी रेघ

मग नियम सौम्य करा. पॅचसोबत साध्या भाषेत बदलाचे कारण आणि प्रत्यक्ष चालवून पाहिलेले एक उदाहरण, एवढेच मागा. मांडणीची भाषा येत नाही म्हणून कोणाचा पॅच अडवू नका. मात्र ते कारण तिन्ही ठिकाणी बसवण्याचे काम पुन्हा त्याच मेंटेनरच्या (शेल सांभाळणाऱ्या माणसाच्या) गळ्यात पडणार असेल, तर माझा विरोध कायम आहे. ते आपण स्वतः कराल का?

अर्धविराम

टेक्सइन्फो मला येते, ट्रॉफ शिकावे लागेल. पुढच्या एका आवृत्तीपुरते काम अंगावर घेतो. हेल्पचा मजकूर आपण पाहावा.

उभी रेघ

पाहतो.