मदत हवी आहे: रापणीच्या रांगेतला गायक कसा दाखवावा?

मालवणजवळच्या आमच्या गावातून मुंबईत जाऊन नाव कमावलेल्या गायक मित्राच्या, प्रसिद्धीतही स्वतःशी प्रामाणिक राहण्याविषयीच्या गाण्याचे चित्रीकरण मी योजत आहे. पहाटे रंग उतरवणारा दशावतारी नट ही प्रतिमा मला आधी सुचली होती. परंतु त्या कलावंताचा रंग म्हणजे खोटेपणा नव्हे, म्हणून ती सोडली. आता मित्र रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायच्या मोठ्या मासेमारी जाळ्याची, दोरी ओढणाऱ्यांच्या रांगेत, त्यांच्यातलाच एक होऊन दिसावा, अशी इच्छा आहे. आपला समुद्र पश्चिमेला असल्याने संध्याकाळी कॅमेरा पाण्याकडे वळवला की सर्वांच्या काळ्या आकृत्याच उरतात, आणि त्यात तो ओळखू येत नाही. मला हेच विषयाला धरून वाटते. मात्र प्रेक्षक गोंधळतील का, की सकाळच्या उजेडात चेहरे दाखवावेत? जाणकारांनी कृपया सुचवावे.