आठवीनंतर नववीचा प्रवेश : तुमचा अनुभव सांगा

माझ्या मुलीला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून इंग्रजी शाळा मिळाली होती. आठ वर्षं फी नाही. आठवीचा निकाल घ्यायला गेले तेव्हा नववीच्या फीचा कागद हातात आला, ३८,००० रुपये. २००९चा कायदा आठवीपर्यंतच, हे प्रवेशावेळी ऐकलं होतं, पण तेव्हा आठवी लांब वाटायची. मी परभणीत शिलाईकाम करते. एवढे पैसे कुठून आणणार? पोरीला जिल्हा परिषदेच्या प्रशालेत घातलं.

गणित-विज्ञान सेमीमुळं इंग्रजीतच राहिलं. अडलं ते मराठीत. कुमारभारतीचा धडा वाचताना ती ओळीखाली बोट धरायची आणि जोडाक्षराला थांबायची. बाईंनी तिला सहावी-सातवीची बालभारती दिली. रात्री मी मशीनवर आणि ती शेजारी बसून मोठ्यानं वाचायची, असं दिवाळीपर्यंत चाललं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या लेकरांचं काय झालं? सविस्तर लिहा.

औसा, वडील : आमचं घोडं दाखल्यावर अडलं. ६,५०० रुपये बाकी दाखवून जुन्या शाळेनं टीसी धरून ठेवली. पेरणीचे दिवस, तरी चार चकरा मारल्या. शेवटी गावच्या अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं, दाखल्यावाचून नववी-दहावीचा प्रवेश अडवायचा नाही असा २०२१चा शासननिर्णय आहे, लेकराला उद्यापासून पाठवा. ऑनलाइन नाव मात्र जुन्या शाळेकडंच अडकलं. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज दिला, पोच घेतली, मग सुटलं. तोंडी बोलून काही होत नाही, पोच घ्याच.

अंबाजोगाई, शिक्षक : पालक आमच्याकडं नववीला येतात, तेव्हा एक गोष्ट हातची गेलेली असते. एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत होते आणि ती फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी असते. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला बसता येत नाही. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. पुढं फी झेपणार नाही हे दिसत असेल तर मुलाला आठवीलाच आणा. हुशार, गरजू पोरं एका वर्षाच्या फरकानं मुकतात, हे बघवत नाही.

हिंगोली, विद्यार्थिनी (आता अकरावीत) : पहिले पंधरा दिवस मी कोणाशी बोलले नाही. मैत्रिणी मानव विकासच्या, म्हणजे मुलींना शाळेत नेणाऱ्या सरकारी योजनेच्या, निळ्या बसमध्ये झाल्या. मी त्यांना विज्ञानातले इंग्रजी शब्द सांगायचे, त्या मला मराठी निबंध. दहावीला मराठीत ८१ मिळाले!

छत्रपती संभाजीनगर, वडील : आम्ही शाळा बदलली नाही. चार हप्ते मागितले, मिळाले. ओढाताण फार झाली.

धागा काढणारी : सगळ्यांचे आभार. धाकट्याची सातवी चालू आहे, तोही त्याच शाळेत. अंबाजोगाईच्या सरांचं दोनदा वाचलं. आठवीला प्रशालेत घालायचं तर कागद कोणते तयार ठेवू?

अंबाजोगाई, शिक्षक : ताई, सातवीचं प्रगतिपत्रक, आधार आणि टीसी. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढा, जूनमध्ये तिथं फार गर्दी होते.